समुद्राकाठच्या स्केटपार्कवर चार दिवस कसे काढावेत?

तुम्ही तिघं मित्र दोन वर्षं स्केटबोर्डिंग करताय, तेही बहुतेक सपाट जागी आणि कठड्यांवर. ऑली (हात न लावता बोर्डासकट मारायची उडी) पक्की आहे, किकफ्लिप (त्या उडीत बोर्ड लांबीभोवती एकदा फिरवणं) बऱ्यापैकी बसते, बाऊलमध्ये, म्हणजे गोल भिंतींच्या काँक्रीटच्या खोलगट भागात, मात्र फारसे उतरलेले नाही. आता चार दिवसांसाठी अगदी पुळणीला लागून असलेल्या पार्कवर जायचं ठरलंय. तुम्ही विचारलंय की व्हील बदलायची का, दिवसातली कुठली वेळ धरायची आणि तिथे वेगळी अशी काय काळजी घ्यायची.

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. समुद्रापासून लांबच्या पार्कचं काँक्रीट पाऊस नसेल तर दिवसभर जवळपास सारखंच वागतं. समुद्राकाठचं काँक्रीट दर दोन-तीन तासांनी बदलतं. कधी त्याच्यावर ओलसर मीठ असतं, कधी वाऱ्याने आणलेली बारीक वाळू, आणि मधल्या काही तासांत ते उत्तम असतं. ते तास ओळखायचे आणि त्यांच्याभोवती दिवस बेतायचा, एवढं जमलं तर बाकीचं तुलनेने सोपं आहे.

वेळेचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त अर्धवट सल्ला तिथेच मिळतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो असतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. रात्री उलटं होतं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा खारा वारा सकाळ संपत आली की उठतो, दुपारनंतर सगळ्यात जोरात असतो आणि सूर्य कलला की मंदावतो. पहाटे हवा बहुतेक वेळा शांत असते. म्हणून जो तो सांगतो, पहाटे जा.

पहाटे वारा नसतो हे खरं, पण काँक्रीट ओलं असतं, आणि ते ओलेपण नुसत्या दवाचं नसतं. लाटांचे तुषार हवेत उडतात, त्यातलं पाणी सुकतं आणि मिठाचा सूक्ष्म थर भिंतींवर, पाइपांवर, सगळीकडे बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतला ओलावा ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही पाणी धरून ठेवतं. त्यामुळे आकाश निरभ्र असतं, कुठे डबकं दिसत नाही, तरी भिंतीवर न दिसणारा ओलसर थर असतो. कडक व्हील अशा भिंतीवर आडवं गेलं की कसलीही सूचना न देता सुटतं.

डोळ्यांवर विसंबू नका. तळहात काँक्रीटवर दाबून थोडा ओढा. कोरडं काँक्रीट कातडीला धरतं. खारवलेलं काँक्रीट हात सरकू देतं आणि तळव्याला चिकटपणा राहतो. दुसरी परीक्षा व्हीलची. बोर्ड हातात धरून एक व्हील भिंतीवर आडवं घासा. खरखरीत आवाज आणि अडखळणं आलं तर ठीक. मऊ सरकलं तर अर्धा तास बसा, चहा घ्या, पुन्हा बघा.

आणि एकाच बाऊलमध्ये सगळ्या भिंती एकदम सुकत नाहीत. पूर्वेकडच्या भिंतीची आतली बाजू पश्चिमेला तोंड करून असते, तिच्यावर सकाळचं ऊन येतच नाही. पश्चिमेकडची भिंत नऊ वाजता खणखणीत सुकलेली असते तेव्हा समोरची अजून दमट असते. पहिल्या फेऱ्या सुकलेल्या बाजूलाच घ्या. कायम सावलीत राहणाऱ्या कोपऱ्यात हिरवट-काळे डाग दिसले तर ते शेवाळ आहे. ते वरून सुकलेलं वाटलं तरी व्हीलखाली निसटतं. तो कोपरा चारही दिवसांसाठी विसरा.

तेव्हा धरायची वेळ अशी: सूर्य वर येऊन दीड-दोन तास झाल्यापासून वारा उठेपर्यंत, आणि पुन्हा वारा पडल्यापासून दव धरेपर्यंत. संध्याकाळची वेळ सुंदर दिसते, फोटोही त्याच वेळचे असतात, पण ती फसवी आहे. ती लहान असते, आणि मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांत येत असेल तर पश्चिमेकडच्या भिंतीवर चढताना कोपिंग, म्हणजे भिंतीची वरची कड, दिसत नाही. अशा वेळी उत्तर-दक्षिण फेऱ्या घ्या. मी स्वतः मोठा प्रयत्न नेहमी सकाळच्या वेळेत करतो आणि संध्याकाळ नुसत्या मजेसाठी ठेवतो.

हे गणित ढगाळ दिवसाला, पावसाळी हवेला आणि ज्या किनाऱ्यांचा स्वतःचा वेगळा वारा आहे त्यांना लागू पडत नाही. फ्रान्समधल्या मार्सेयचा प्राडो बाऊल १९९१ पासून समुद्राकाठी आहे आणि जगभरचे स्केटर तिथे जातात. त्या भागात मिस्त्राल नावाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो थंड आणि कोरडा असतो आणि कधी कधी दिवसचे दिवस थांबत नाही. तिथे काँक्रीट सुकं मिळतं पण उभं राहणं कठीण होतं. जिथे जाणार तिथला वारा कुठून आणि किती वाजता येतो, हे निघण्यापूर्वी हवामानाच्या अॅपवर तासवार बघून ठेवा. सर्फिंग करणारे आणि मासेमारी करणारे ही गोष्ट रोज बघतात. स्केटर बघत नाहीत याचं मला नवल वाटतं.

वारा उठला म्हणून दिवस संपला असं नाही. फक्त जागा बदला. सपाट जागी, पायऱ्यांवर आणि कठड्यांवर वाऱ्याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण फ्लिप मारताना बोर्ड पायांपासून सुटलेला असतो आणि आडव्या झोताने हातभर बाजूला जातो. किकफ्लिप बिघडायला तेवढं पुरतं. खोल बाऊलच्या आत मात्र बराच आडोसा असतो. तिथे चाकं जमिनीवर ठेवून फिरत राहिलात तर जोरदार वाऱ्यातही दुपार चांगली जाते. कोपिंगच्या वर डोकं काढलं की झोत लागतो, तेवढं लक्षात ठेवा. म्हणजे तुमच्या सवयीच्या ट्रिक सकाळी, बाऊल दुपारी.

आता वाळू. पोहोचल्यावर बोर्ड खाली ठेवण्याआधी पार्क पायी फिरून या, बाऊलच्या तळापर्यंत उतरून. वाळू सगळीकडे सारखी पसरत नाही. ती भिंत जिथे तळाला मिळते त्या वळणात, पाणी जाण्याच्या जाळीभोवती आणि वाऱ्याच्या आडोशाच्या कोपऱ्यांत साठते. नेमकं तिथेच तुम्ही सगळ्यात वेगात असता. बारीक वाळूच्या पातळ थरावर कडक व्हील घसरतं. जाडसर खडा किंवा शिंपल्याचा तुकडा आला तर व्हील जागीच अडतं आणि तुम्ही पुढे जाता. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावरचा पार्क काय किंवा लॉस एंजेलिसच्या व्हेनिस किनाऱ्यावर २००९ साली सुरू झालेला पार्क काय, दोन्ही वाळूला इतके लागून आहेत की चप्पल झटकली तरी वाळू आत येते.

पार्कवर बहुधा कुठेतरी झाडू असतो. तो शोधा आणि झाडायला लागा. वरून खाली झाडत या, पण वाळू जाळीत ढकलू नका. निचरा तुंबला की पुढच्या पावसानंतर बाऊलचा हौद होतो. सुपलीने किंवा पुठ्ठ्याने उचलून बाहेर टाका. बॅगेत एक छोटा हातब्रशही असू द्या, कोपऱ्यांसाठी. यात आणखी एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही: नवख्या पार्कवर आल्या आल्या झाडू हातात घेणाऱ्याला तिथली नेहमीची मंडळी लगेच आपलं म्हणतात. आणि झाडताना प्रत्येक भिंतीचा उतार, प्रत्येक भेग, प्रत्येक सांधा पायाखालून गेलेला असतो.

फिरताना भेगांकडे आणि तपकिरी ओघळांकडे नीट बघा. समुद्राच्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून फुगवून फोडतो. डागाच्या आसपास बुटाची टाच आपटा. पोकळ आवाज आला तर तो तुकडा सुटण्याच्या बेतात आहे; त्यावरून जाणारी फेरी आखू नका. स्पेनमधल्या गेचोच्या ला कांतेरासारख्या, १९८०च्या दशकात बांधलेल्या पार्कवर जाण्यात वेगळीच गंमत आहे, पण जुनं काँक्रीट खडबडीत असतं आणि पडल्यावर कातडी सोलतं.

कोपिंग दोन तऱ्हेचं असतं. एक लोखंडी पाइप, साधारण ६० मिमी व्यासाचा. दुसरं पोहण्याच्या तलावाला असतात तसे काँक्रीटचे गोलसर ठोकळे. पाइप खाऱ्या हवेत गंजतो. रोज वापरात असलेला भाग चकचकीत राहतो आणि कमी वापराचा भाग खरखरीत होतो. गुळगुळीत भागावर सुरू झालेला ग्राइंड (कोपिंगवर ट्रक घासत जाणं) गंजलेल्या भागावर पोहोचला की ट्रक, म्हणजे चाकं धरणारा धातूचा भाग, एकदम धरतो आणि तुम्ही तोंडावर जाता. त्यामुळे पाइपावरून हात फिरवून कुठून कुठपर्यंत तो घासलेला आहे ते पाहा आणि तेवढाच वापरा. ठोकळे गंजत नाहीत, पण मुळातच खरखरीत असतात, तिथे ग्राइंडला जास्त वेग लागतो. मेण लावायचं असेल तर आधी विचारा. उन्हात मेण वितळून भिंतीवर उतरतं आणि जिथे ट्रक लागणारच नाही तिथे चाकं घसरवतं. परक्या पार्कवर न विचारता मेण फासणं यासारखा भांडणाचा हमखास मार्ग दुसरा नाही.

व्हीलबद्दल. तुमच्याकडे बहुधा ५२ मिमीची, ९९ए किंवा १०१ए कडकपणाची असतील (आकडा जितका मोठा तितकं व्हील कडक). नवं, घोटीव काँक्रीट आणि सकाळची वेळ असेल तर ती चालतील. काँक्रीट जुनं किंवा वाळूचं असेल तर ५४ ते ५६ मिमी आणि ९५ए ते ९७ए च्या आसपासची जोडी घ्या. भेग ओलांडताना आणि दमट भिंतीवर फरक लगेच जाणवतो. ५६ च्या वर गेलात तर ट्रकखाली ३ मिमीचा रायझर (उंची वाढवणारी पट्टी) बसवा, नाहीतर वळताना व्हील डेकला, म्हणजे बोर्डच्या लाकडी फळीला, लागून बोर्ड जागीच थांबेल. ७८ए ची मोठी मऊ चाकं किनाऱ्यावरच्या रस्त्याने फिरायला छान आहेत, पण बाऊलमध्ये पंप करताना (जमिनीला पाय न लावता, गुडघ्यांच्या उठबशीने वेग घेताना) ती वेग खातात आणि तुम्हाला हवं तिथे घसरू देत नाहीत. तिघांत मिळून मऊ चाकांचा एकच जादा बोर्ड न्या, तेवढा पुरे.

बेअरिंगवर मात्र मी थोडा रेंगाळतो, कारण चार दिवसांत सगळ्यात आधी तीच जातात. स्केटबोर्डला ६०८ मापाची बेअरिंग लागतात: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, रुंदी ७ मिमी. त्यांचं पोलाद कडक असतं, पण गंजरोधक नसतं. सिरॅमिक बेअरिंग म्हणून जी महाग मिळतात त्यांतही बहुधा गोळ्याच सिरॅमिकच्या असतात. कडी पोलादाचीच, आणि गंज कड्यांनाच चढतो. तेव्हा या सहलीसाठी महाग बेअरिंग घेण्यात अर्थ नाही. साधी घ्या, रबरी झाकणाची घ्या आणि झाकणं काढू नका. काही जण झाकण काढल्याने वेग वाढतो म्हणतात. पुळणीवर ती उघडी ठेवणं म्हणजे वाळूला आमंत्रण.

रोज संध्याकाळी करायचं काम फार नाही. कोरड्या फडक्याने ट्रक, नट आणि व्हीलचे तोंडाचे भाग पुसा. बोर्ड खोलीत आणा. बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका. व्हील हाताने फिरवून ऐका. करकर ऐकू आली तरच बेअरिंग काढा: टाचणीने झाकण उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, पूर्ण सुकू द्या आणि हलक्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन, टाका. अॅसिटोननेही घाण निघते, पण आतला प्लास्टिकचा पिंजरा खराब होऊ शकतो. डब्ल्यूडी-४० फवारून मोकळं होणं हा सगळीकडचा आवडता शॉर्टकट. ते पाणी हटवतं आणि मळ काढतं हे खरं, पण सोबत आतलं वंगणही धुऊन काढतं आणि स्वतः फार काळ टिकत नाही. धुतल्यावर ते वापरलं तर नंतर तेल टाकावंच लागतं. अल्कोहोल कुठेही मिळतं, सोबत नेण्याची गरज नाही.

डेकचं थोडक्यात. सात पातळ मेपलच्या थरांचा डेक दमट हवेत आणि ओल्या वाळूवर पाणी शोषतो, मग टेल (बोर्डचं मागचं टोक) आपटल्यावर आवाज बसका येतो आणि उसळी जाते. त्याला ओलं होऊ देऊ नका, बस. ग्रिप टेपमध्ये (डेकवरच्या खरखरीत पट्टीत) वाळू भरली तर कोरड्या ताठ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. आणि स्केटिंगचे बूट घालून पुळणीवर फिरू नका. पार्कपर्यंत चपलेने जा, बूट तिथे घाला. तळव्याच्या खाचांत वाळू गेली की बूट आणि ग्रिप यांच्यात छर्रे ठेवल्यासारखं होतं, आणि दोष मात्र आपण ऑलीच्या तंत्राला देतो.

आता माझं खरं मत, जे तुम्ही विचारलेलं नाही. चार दिवसांत सपाट जागेवरच्या नव्या ट्रिकच्या मागे लागू नका. त्या घरीही होतील. अशा पार्कवर जायचं ते भिंतींवर फिरायला शिकण्यासाठी.

समुद्राकाठच्या पार्कमध्ये बाऊलला इतकं महत्त्व का, याला इतिहास आहे. स्केटबोर्डिंग लाटा नसलेल्या दिवशी सर्फरांनी रस्त्यावर काढलेल्या करमणुकीतून वाढलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची (एक चिवट, लवचिक प्लास्टिक) व्हील आणली, तोवरची मातीची किंवा लोखंडी चाकं जराशा खड्याने अडायची. मग १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या डेल मारच्या स्पर्धेत झेफिर नावाच्या स्केट संघाची मुलं वाकून, जमिनीला हात लावून वळताना दिसली. ती वळणं हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन याच्या शैलीवरून घेतलेली, म्हणून त्या घसरीला आजही ‘बर्ट’ म्हणतात. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पोहण्याचे तलाव रिकामे झाले आणि त्यांच्या गोल भिंतींवर स्केटर चढले. अमेरिकेतल्या मेरिलँडमधला ओशन सिटीचा ओशन बाऊल १९७६ चा, म्हणजे त्याच काळातला. तुमची ऑलीसुद्धा मूळची भिंतीवरची आहे: फ्लोरिडात अॅलन गेलफंड याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती उभ्या भिंतीवर हात न लावता हवेत जाण्यासाठी काढली, आणि रॉडनी मलन याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सपाट जमिनीवर आणली. तेव्हा तुम्ही बाऊलमध्ये उतरणार म्हणजे तिच्या माहेरीच जाणार.

सुरुवात ड्रॉप-इनने, म्हणजे कोपिंगवरून थेट आत उतरण्याने, करू नका. उथळ बाजूने चालत आत उतरा, तळातून जोर घेऊन भिंतीवर चढा, वळा, परत या. ढकलण्यासाठी पाय जमिनीला न लावता किती वेळ फिरता येतं ते पाहा. वेग पंप करण्यातून येतो आणि त्याचं तत्त्व उभ्याने झोका घेण्याचंच आहे: तळात गुडघे वाकवून बसायचं, भिंतीचं वळण सुरू झालं की पाय ताठ करत उभं राहायचं, वर पोहोचलं की पुन्हा सैल व्हायचं, आणि उतरताना त्याच वळणात पुन्हा दाबायचं. वळणात शरीरावर जास्त दाब असतो. त्या दाबाविरुद्ध उभं राहिलात की ते श्रम वेगात उतरतात. सपाट तळात कितीही उठबस केली तरी काही मिळत नाही. वेळ चुकली तर वेग उलट कमी होतो, आणि पहिल्या दिवशी वेळ चुकणारच.

नजर पुढच्या भिंतीवर ठेवा, बोर्डकडे नाही. खांदे जिकडे वळतील तिकडे बोर्ड जातो. ज्या कोपऱ्यात दोन भिंती गोल मिळतात तिथे सगळ्यात जास्त वेग मिळतो, म्हणून तिथली नेहमीची मंडळी कुठल्या कोपऱ्यातून कुठे जातात ते बसून पाहा. प्रत्येक बाऊलच्या एक-दोन नैसर्गिक वाटा असतात. त्या शोधायला एखादी सकाळ गेली तरी वाया गेली असं समजू नका.

ड्रॉप-इन दुसऱ्या दिवशी, तेही कमरेएवढ्या भिंतीवरून. टेल कोपिंगवर, मागचा पाय त्यावर, पुढचा पाय पुढच्या बोल्टवर. मग पुढचा खांदा आणि सगळा भार एकदम पुढच्या पायावर द्या, चाकं भिंतीवर आपटली पाहिजेत. अर्धवट झुकणं सगळ्यात वाईट. अंग मागे राहिलं की बोर्ड पुढे निसटतो आणि डोकं किंवा शेपटीचं हाड आपटतं. दमट भिंतीवर हे हमखास होतं, म्हणून ही गोष्ट संध्याकाळी उशिरा शिकायला घेऊ नका.

बाऊलमध्ये पडण्याचीही रीत असते. प्लास्टिकची टोपी असलेले गुडघ्याचे पॅड घालून गुडघ्यांवर घसरत तळाशी यायचं. कापडी पॅड घसरत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही. हे पडणं मुद्दाम पहिल्याच तासात काही वेळा करून घ्या. मनगटाचे गार्ड घाला. पडताना हात पुढे जातोच. हेल्मेटवर एएसटीएम एफ१४९२ किंवा ईएन १०७८ यांपैकी मानक लिहिलेलं बघा. सायकलच्या हेल्मेटमधला ताठ फोम एका मोठ्या धक्क्यासाठी असतो, त्यानंतर तो बदलायचा. एफ१४९२ चं हेल्मेट एकाहून जास्त धक्के गृहीत धरून तपासलेलं असतं.

खरचटलं तर समुद्राच्या पाण्यात धुऊ नका. खारं पाणी जखम साफ करतं ही समजूत सगळीकडे आहे, पण किनाऱ्याच्या पाण्यात जंतू असतात, व्हिब्रिओसारखे काही जंतू गंभीर संसर्ग करतात. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, झाका, आणि उघडी जखम घेऊन पोहायला जाऊ नका. मनगटावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खोलगट भागात दाबून दुखत असेल तर मुरगळ समजून सोडून देऊ नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना नेमकी जागा दाखवा. तळहाताला सनस्क्रीन राहिलं तर ग्रिप आणि कोपिंग दोन्ही तेलकट होतात. लावून झाल्यावर हात पुसा.

वागण्याचे नियम जगभर साधारण तेच आहेत. बाऊलमध्ये एका वेळी एकच जण. कोपिंगवर टेल टेकवून उभा असलेला म्हणजे त्याचा नंबर, त्याच्या पुढे घुसायचं नाही. बोर्ड सुटून पळाला तर मोठ्याने ‘बोर्ड!’ ओरडायचं. कुणाची फेरी आवडली तर टेल कोपिंगवर ठोकायची. कोपिंगवर पाय आत सोडून बसू नका. किनाऱ्यावर एक भर पडते: पोहायला आलेले लोक, लहान मुलं, ओल्या पायांनी बाऊलच्या काठावर येणारे पर्यटक. त्यांना नियम माहीत नसतात, त्यामुळे ओरडण्याऐवजी थांबून सांगा, आणि ओल्या पावलांचे ठसे कुठे पडले ते लक्षात ठेवा. पार्कच्या वेळा, हेल्मेटची सक्ती, बीएमएक्स सायकलींसाठी राखलेले तास हे फलकावर लिहिलेलं असतं, आधी वाचा.

सामानात हेल्मेट हाताशी ठेवा, स्केट टूल मात्र विमानात चेक-इन बॅगेत टाका; सुरक्षा तपासणीत त्यावरून उगाच वाद होतो. जादा अॅक्सल नट (व्हील जागेवर धरणारे) चार तरी घ्या, ते गंजतात आणि खोलताना आटे जातात. एक संपूर्ण जादा बेअरिंगचा संच तिघांत मिळून पुरतो.

परत आल्यावर बोर्ड तसाच कोपऱ्यात उभा करू नका. तिथून आणलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि गंज घरातही चढत राहतो. ट्रक किंचित ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने, अॅक्सलच्या आट्यांवर तेलाचं बोट फिरवा आणि सगळी बेअरिंग एकदा धुवा. धुऊन, तेल टाकूनही ज्याची करकर जात नाही ते बेअरिंग टाकून द्या. आतल्या कड्यावर गंजाने खड्डे पडलेले असतात, ते पुन्हा गुळगुळीत होत नाहीत.